सील कोणी उघडलं

बाबांनी मला कार्ट बनवून दिली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. कार्ट म्हणजे जमिनीला टेकलेली, टप नसलेली, चार बुटक्या चाकांची गाडी. चालवणारा तीत बसला की त्याची बैठक रस्त्यापासून चार बोटं वर राहते. बाबांनी भंगारातले पाइप वेल्ड करून तिचा सांगाडा केला आणि एका जुन्या स्कूटरचं इंजिन त्यावर बसवलं. खरं तर बाबा मेकॅनिक नव्हते. आम्ही माळी. अकोल्याबाहेर मोर्णेच्या काठी आमचा दीड एकराचा मळा होता, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध आणि कडेकडेने वांगी-मिरच्या. माय जठारपेठेत रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून हार विकायला बसायची. बाबांचं मन मात्र इंजिनांत असायचं. आसपासच्या मळ्यांतले लोक बिघडलेले फवारणीचे पंप त्यांच्यापुढे आणून टाकत, आणि बाबा शेवंतीची खुडणी अर्धी सोडून त्यांत डोकं घालत. मी त्यांच्या शेजारी बसून पाने हातात देता देता कधी स्वतःच नट सोडवायला लागले, ते मला आठवत नाही. पेट्रोलचा आणि शेवंतीचा वास एकत्र आला की मला अजूनही भूक लागते, कारण त्या वासांच्या मागून तव्यावरच्या भाकरीचा वास यायचा आणि पाठोपाठ मायची हाक: "बापलेकी, या आता! आधी रॉकेलानं हात धुवा, मंग साबनानं!"

शर्यती अमरावतीला होत. बडनेऱ्याच्या अंगाला एक बंद पडलेली जिनिंग होती, आणि जिथे पूर्वी कापसाचे ढीग लागत त्या आवारात बंडूभाऊ नावाच्या एका हौशी माणसाने सिमेंटची वळणावळणाची वाट करून घेतली होती. वळणांवर ट्रकचे जुने टायर रचलेले. फाटकाशी पत्र्याचा एक फलक, त्यावर तीन नियम रंगवलेले: हेल्मेट घालावे, मागून ठोकू नये, भांडण करणाऱ्याने घरी जावे. बस, एवढंच. रविवारी पहाटे बाबा फुलं वाहण्याच्या आमच्या मालवाहू रिक्षात कार्ट चढवायचे, माय भाकरी, ठेचा आणि घट्ट पातोड्या कापडात बांधून द्यायची, आणि मूर्तिजापूर मागे टाकून आम्ही उन्हं चढायच्या आत अमरावतीला पोचायचो. कार्टच्या बैठकीखाली झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या असत. पहिली गाडी सुरू झाली की त्या जिनिंगच्या पत्र्यांत असा काही आवाज घुमायचा की छातीच्या फासळ्या हलत. शर्यत संपल्यावर, हरलो तरी जिंकलो तरी, बाबा मला दह्यातला गिला वडा खाऊ घालत. दुसऱ्या वर्षी मी जिंकायला लागले. बंडूभाऊ भोंग्यातून ओरडायचा, "मंजू आली रे, अकोल्याची मंजू आली! पोट्टी हाये पन लय पळते!" आणि बाबा टायरांच्या मागे उभे राहून नुसते हसत. टाळ्या वाजवायला त्यांना लाज वाटायची.

मी जिंकते ती अंगाने हलकी आहे म्हणून, अशी तक्रार एका मुलाच्या वडिलांनी केली. तिथून चौथा नियम आला: गाडी आणि चालवणारा मिळून ठरावीक वजन भरलं पाहिजे. बाबांनी हूं की चूं केलं नाही. शिसं वितळवून त्यांनी पट्ट्या ओतल्या आणि बैठकीच्या मागे बोल्टने आवळल्या. मी त्या पट्ट्यांसकट जिंकले. मग पुढच्या मोसमात बंडूभाऊने ते आवार एका समितीला चालवायला दिलं. समितीने आमची शर्यत राज्यभरच्या मालिकेला जोडली, पत्र्याचा फलक काढला आणि प्रत्येक स्पर्धकाला एक नियमपुस्तक दिलं. बासष्ट पानांचं, इंग्रजीत.

त्या पुस्तकाने आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी माय भाकरी थापत असताना मी चुलीजवळ बसून एकेक कलम वाचायची आणि मराठीत सांगायची. बाबा डोळे मिटून ऐकत. मधेच म्हणत, "पुन्हा वाच." ब्रेकची पट्टी किती जाड, बोल्टला किती आटे, सांगाड्याला कुठे जोड चालतो, कोणत्या चुकीला काय शिक्षा, सगळं त्यांना कलमाच्या आकड्यासकट पाठ झालं. माय थापता थापता म्हणायची, "गाडी चालवाची हाये का वकिली कराची हाये?" बाबा तिला समजावत, "अवं, नियम असले म्हंजे बरं असते. पैशेवाल्याले बी तेच, आपल्याले बी तेच. आता वजनाची तक्रार कोनी करू शकत नाही." हे ते मनापासून बोलत होते. एखादं कलम अन्यायाचं वाटलं तरी बाबांचा विश्वास असा, की ते कोणीतरी विचार करूनच लिहिलं असणार.

पण दरवर्षी पुस्तक बदलायचं. स्कूटरचं इंजिन बाद झालं. मालिकेने मान्य केलेलंच इंजिन हवं, आणि तेही पुण्याच्या अधिकृत केंद्रातून सील करून आणलेलं. टायर ठरावीक शिक्क्याचे हवेत, आणि दर दोन शर्यतींना नवे. माझ्या मायने जाड सुती कापडाचा, दुहेरी शिलाईचा, कोपरांना गाद्या लावलेला अंगरखा आणि विजार शिवली होती; तपासणीच्या माणसाने ते हातात घेऊन शिवण उलटी-सुलटी पाहिली, "सुंदर शिवलंय," म्हणाला आणि परत दिलं, कारण आत मान्यतेचं लेबल नव्हतं. नवा पोशाख पुण्याहून मागवावा लागला. चालवणाऱ्याचा परवाना, डॉक्टरचा दाखला, मेकॅनिकचीही नोंदणी. मेकॅनिक म्हणून बाबांनी फॉर्मवर अंगठा नाही, सही केली, आणि त्या सहीचा त्यांना फार अभिमान होता. जे सुरुवातीपासून येत होते ते एकेक करून यायचे थांबले. परतवाड्याचा एक सुतार आणि त्याचा मुलगा होते, त्यांनी त्यांची कार्ट तपासणीच्या रांगेतूनच वळवली आणि पुन्हा दिसले नाहीत. आम्ही मात्र चिकटून राहिलो. मायने जठारपेठेत एक छोटा गाळा घ्यायचा म्हणून बारा वर्षं पैसे बाजूला टाकले होते. उन्हातान्हात पोत्यावर बसून तिची कंबर गेली होती. ते पैसे इंजिनात गेले. तिने दिले, मी मागितले नव्हते. पण नको असंही मी म्हटलं नाही. आज माझी स्वतःची कंबर दुखते तेव्हा ते मला आठवतं.

मी अठरा वर्षांची झाले त्या मोसमात शेवटच्या शर्यतीआधी मी गुणांत पहिली होते. मालिकेत पहिल्या येणाऱ्याला एक मोठा संघ पुढचं वर्षभर आपल्या गाडीवर घेणार होता: गाडी त्यांची, टायर त्यांचे, सगळंच त्यांचं. आमच्यासाठी तो एकच दरवाजा उघडा होता. पुढचा मोसम आम्ही स्वतःच्या बळावर करू शकणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच इंजिन दमलं. चढाच्या वळणावर ते धापा टाकायचं, नळीतून निळसर धूर यायचा. बाबांनी नुसता कान लावला आणि म्हणाले, "पिस्टनची रिंग गेली." रिंग बदलणं म्हणजे आमच्या घरी अर्ध्या दिवसाचं काम. पण इंजिनाचं डोकं आणि धड यांतून एक बारीक तार ओवून तिच्या टोकाला शिशाचं सील दाबलेलं होतं, आणि ते फक्त पुण्यालाच उघडायचं. फोन केला तर तिथले लोक म्हणाले, तीन आठवडे लागतील. शर्यतीला नऊ दिवस होते.

"आपन उघडू," मी म्हटलं. "जास्त काही करून नाही राहिलो बाबा. रिंगच तर बदलाची हाये. गाडी होती तशीच होईल."

"शील हाये त्याले."

"पन आपन चोरी कुठं करून राहिलो?"

"शील तोडलं म्हंजे चोरीच. मंग तू आत रिंग टाक नाही तर सोनं टाक." बाबांनी हात पुसले. "नाही जमत तर नाही जमत, मंजे. आहे तशी चालव."

गुरुवारी बाबा चांदूर बाजारला आत्याकडे गेले. तिच्या घरी पूजा होती, फुलांची दोन पोती त्यांनी रिक्षात टाकली. माय जठारपेठेत. भर दुपार, मळ्यात पाण्याची मोटर चालू, तिचा एकसुरी घर्रघर्र आवाज. मी मायची हार ओवायची लांब सुई घेतली आणि शिशाच्या गोळीची फट हळूहळू उकलली. हात थरथरत होते असं मला लिहावंसं वाटतं, पण ते थरथरत नव्हते. तार निघाली. एका मोपेडची रिंग या मापात बसते हे बाबांनीच मला पूर्वी सहज सांगितलेलं. ती मी सकाळीच बाजारातून आणून ठेवली होती. चार वाजेपर्यंत इंजिन पुन्हा जोडून झालं. तार पुन्हा ओवली, पीळ दिला, टोकं शिशात घालून पकडीने दाबली, पकडीचे दात उमटू नयेत म्हणून मधे कापड धरलं. मी डावखुरी आहे. तारेला पीळ देताना माझा हात उलट्या बाजूने फिरतो, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

बाबा शुक्रवारी आले. शनिवारी त्यांनी इंजिन सुरू केलं, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बरं वाटते आज," म्हणाले. "हवा थंड हाये म्हनून असंन." मी हो म्हटलं.

रविवारी तपासणीला जो अधिकारी होता तो वयाने मोठा, मृदू बोलणारा माणूस होता. त्याने गाडीचं वजन केलं, टायरांचे शिक्के पाहिले, मग इंजिनापाशी बसला आणि खिशातून भिंग काढलं. फार वेळ पाहत राहिला. आमच्या मागे रांग होती. पुण्या-नागपूरची मुलं, त्यांचे वडील, बंडूभाऊही कोणाशी तरी बोलत उभा होता. अधिकारी उठला आणि बाबांना म्हणाला, "मेकॅनिक तुम्हीच ना? हे सील उघडलंय कोणीतरी. तुम्ही उघडलंत?"

"नाही साहेब."

"नीट आठवून सांगा."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पटकन माझ्या डोक्यावर हात ठेवला. "साहेब, हे माही एकुलती पोरगी हाये. हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, म्या शीलाले हात लावला नाही."

त्यांच्या तळव्याचा भार मला केसांतून जाणवत होता. अधिकाऱ्याने भिंग पुढे केलं. "मग तुम्हीच पाहा." बाबा गुडघ्यांवर बसले. भिंग त्यांना नीट धरता येईना, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तार पाहिली. तारेचा पीळ पाहिला. मग ते तसेच बसून राहिले, जणू उठायला काही धरायला हवं होतं आणि मिळत नव्हतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उठले आणि म्हणाले, "म्या उघडलं."

"आत्ता तर तुम्ही मुलीची शपथ घेतलीत!"

"खोटी घेतली."

रांगेत कोणीतरी हसलं. बंडूभाऊ पुढे आला, म्हणाला, "काहून बाप्पा, असं काहून केलं तुमी? पोरीच्या डोक्यावर हात ठेवून?" आणि मी? मला कलम ठाऊक होतं. मीच ते चुलीजवळ बसून वाचलं होतं, दोनदा, कारण बाबा म्हणाले होते पुन्हा वाच. सील मेकॅनिकने तोडलं तर मेकॅनिक कायमचा बाद आणि गाडी त्या दिवसापुरती बाद. चालवणाऱ्याने तोडलं तर चालवणाऱ्याचा परवाना जन्मभरासाठी रद्द. बाबांना ते माझ्याइतकंच पाठ होतं. मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी उघडलं नाही. अधिकाऱ्याने कागद भरला, बाबांनी त्यावर सही केली, अधिकाऱ्याने त्यांच्या गळ्यातलं मेकॅनिकचं ओळखपत्र काढून घेतलं, आणि दोन माणसं त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. कार्ट मी एकटीने रिक्षापर्यंत ढकलत नेली. त्या दिवशीच्या शर्यतीचा आवाज बडनेऱ्याचा पूल ओलांडेपर्यंत मागून येत होता. बाबांनी वाटेत मला एक शब्द विचारला नाही.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. कोणीतरी मायला फोन केला होता. तिला इंजिनाचं काही नव्हतं, मालिकेचं नव्हतं, गाळ्याच्या पैशांचंही तिने नाव काढलं नाही. तिला एकच गोष्ट समजली होती: बापाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली. ती बाबांशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, त्यांच्यासमोर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. दुसऱ्या दिवसापासून तिने एकवेळचं जेवण सोडलं. रोज दिवेलागणीला मला उंबऱ्यात बसवून मीठ-मिरच्या ओवाळायची, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची, आणि मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका उठला नाही की घाबरून पुन्हा ओवाळायची. मला साधा ताप आला तर ती रात्रभर... नको, ते लिहीत नाही. बाबा अंगणात बसून हे सगळं पाहत. एका शब्दाने तिचं भय गेलं असतं आणि तो शब्द ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अकरा दिवस. मी जेवत होते, झोपत होते, फुलं खुडत होते. माणूस अशा वेळी जेवू शकतो यावर माझा आधी विश्वास बसला नसता.

अकराव्या दिवशी माय मिरच्या ओवाळता ओवाळता भोवळ येऊन उंबऱ्यावरच बसली. मी तिला पाणी पाजलं आणि म्हटलं, "माय, शपथ खोटी नव्हती. शील म्या उघडलं. तुह्याच सुईनं. बाबाले माहीतच नव्हतं."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "अन् तू अकरा दिवस माह्या हातानं मिरच्या ओवाळून घेतल्या?" मी मान हलवली. ती उठली, भिंत धरत धरत मळ्याकडे गेली. बाबा शेवंतीच्या ओळीत वाकले होते. काय बोलली मला ऐकू आलं नाही. मी दाराशी उभी होते. बाबांनी डोक्याचं फडकं सोडलं, तोंडावर धरलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माय त्यांच्या शेजारी मातीत बसली. दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच होते, आणि मला त्यांनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने अमरावतीला गेले. समितीचं ऑफिस जिनिंगच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत होतं. तोच अधिकारी बसला होता. मी लिहून नेलेला कबुलीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो पूर्ण वाचला, चष्मा काढला, आणि खरंच दुःखी आवाजात म्हणाला, "बेटा, निर्णयाविरुद्ध जे काही सांगायचं ते अर्ध्या तासाच्या आत, ठरलेली फी भरून, लेखी द्यावं लागतं. अर्धा तास त्याच दिवशी संपला. आता हे मला घेता येत नाही."

"फी मी भरते. आत्ता भरते."

"फीचा प्रश्न नाही. मुदतीचा आहे."

"पण मी खरं सांगतेय सर. माझा परवाना काढून घ्या."

"तो काढायलाही कारण नोंदवावं लागतं, आणि नोंद वेगळी झालीय." त्याने पुस्तक उघडून कलम माझ्याकडे वळवलं. मी ते वाचलं. अगदी बरोबर होतं. कागद मी परत घेतला. फाटकापाशी जाऊन मी तिथेच सिमेंटवर बसले आणि मला कसं रडावं ते कळेना.

शेवटची शर्यत हुकल्याने पहिला नंबर गेला आणि त्या संघाचा दरवाजाही बंद झाला. परवाना माझ्याकडे राहिला. पण नोंदणीचा मेकॅनिक नाही म्हणून मला कुठल्याच शर्यतीत उतरता येईना, आणि बाहेरचा मेकॅनिक ठेवण्याची आमची ऐपत नव्हती. वर्षाने परवान्याची मुदत संपली. कार्टचा सांगाडा भंगारात गेला. इंजिन कोणी घेईना, कारण त्याच्या कागदांवर सील तोडल्याची नोंद होती. मायला गाळा मिळाला नाही. ती शेवटपर्यंत पोत्यावरच बसली. मी पुढे तालुक्याच्या शाळेत शिक्षिका झाले, संसार झाला, गाडी चालवते ती बाजारहाटापुरती.

बाबांशी मी त्या गोष्टीबद्दल एकदाच बोलू शकले. माफी मागितली तर ते म्हणाले, "तुले काय वाटलं, म्या तुह्यासाठी केलं? म्या माह्यातल्या बापासाठी केलं. पोरीचं नाव घेनारा बाप मले व्हाचं नव्हतं." त्यानंतर त्यांनी विषय काढू दिला नाही. आत्याच्या नातवाच्या लग्नात, चांदूर बाजारच्या मांडवात, कोणीतरी थट्टेने म्हणालं, "काय मामा, शर्यतीतले चोर तुमीच ना?" मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, की ते नव्हते, मी होते. बाबा हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका. बापाले वाचवाले खोटं बोलून राहिली." सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. लोक मला म्हणाले, लेक असावी तर अशी.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मला खोटं पाडायला आता कोणी उरलं नाही. सील मी उघडलं होतं.